‘आहे’ की ‘असावा’? : प्रश्नमंजूषेतील पैज आणि इतिहासाचे ज्ञान

सन २०१३ मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ या वाहिनीवर सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली प्रश्नमंजूषेचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्याचे नाव ‘कोण होईल मराठी करोडपती’ असे होते. सन २०१९ मध्ये तोच खेळ ‘सोनी मराठी’ वाहिनीवर नव्याने आला तेव्हा त्याचे नाव ‘कोण होणार करोडपती’ असे झाले, आणि सूत्रसंचालकाच्या आसनावर सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे बसले. नावातील ‘मराठी’ हे विशेषण गळाले, हे कोणाच्याही ध्यानात येईल. ‘होईल’चे ‘होणार’ झाले, हा बदल मात्र सहसा नजरेतून निसटतो. ‘पाऊस येईल’ असे म्हणणारा मनुष्य एक संभव सांगतो. ‘पाऊस येणार’ असे म्हणणारा त्या विधानामागे स्वतः उभा राहतो. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हा भेद होता असे मानण्याचे कारण नाही. तथापि ज्या खेळाचे ते नाव आहे, त्या खेळाचा सारा व्यवहार याच भेदावर चालतो, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

असा कार्यक्रम म्हणजे सामान्यज्ञानाची, आणि त्यातही विशेषेकरून इतिहासाच्या ज्ञानाची परीक्षा होय, असा सार्वत्रिक समज आहे. खालच्या पायऱ्यांपुरता तो खराही आहे. परंतु जेथे मोठी रक्कम पणाला लागते तेथे परीक्षा बदलते. तेथे स्पर्धकाला इतिहास किती ठाऊक आहे, एवढेच विचारले जात नाही. जे ठाऊक आहे असे त्याला वाटते त्यावर त्याने किती भरवसा ठेवावा, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. ही दोन ज्ञाने एकच नव्हेत. पहिले विपुल असून दुसरे नसलेला मनुष्य या खेळात हमखास फसतो.

पैजेचे दोन प्रकार येथे वेगळे केले पाहिजेत. अमेरिकेतील ‘जेपर्डी’ या जुन्या प्रश्नमंजूषेत शेवटच्या फेरीपूर्वी स्पर्धकाला केवळ विषयाचे नाव सांगितले जाते. प्रश्न पाहण्यापूर्वीच आपल्या गुणसंचयापैकी किती रक्कम पणाला लावावयाची हे त्याने लिहून द्यावयाचे असते. येथे ज्ञानाचा अंदाज विषयावरून करावयाचा आणि पैज प्रतिस्पर्ध्यांच्या रकमा पाहून ठरवावयाची. याचे चांगले उदाहरण ३ जून २०१९ रोजी प्रसारित झालेल्या भागात मिळते. जेम्स होल्झॉअर हा व्यवसायाने क्रीडासामन्यांवर पैजा लावणारा गृहस्थ तोपर्यंत लागोपाठ ३२ सामने जिंकला होता. त्या दिवशी शेवटच्या फेरीपूर्वी त्याच्यापाशी २३,४०० डॉलर, एमा बेचर या ग्रंथपाल स्त्रीपाशी २६,६०० डॉलर आणि तिसऱ्या स्पर्धकापाशी ११,००० डॉलर होते. विषय होता शेक्सपिअरचा काळ. बेचरबाईंनी २०,२०१ डॉलर लावले. होल्झॉअरने अवघे १,३९९. आजवर हजारोंनी रकमा उधळणारा हा गडी ऐन वेळी कचरला, असे प्रेक्षकांना वाटले तर नवल नाही. आकडेमोड केली म्हणजे निराळेच दिसते. होल्झॉअरने सर्व रक्कम लावून दुप्पट केली असती तर ती ४६,८०० झाली असती. बेचरबाईंची बेरीज त्याहून नेमकी एका डॉलरने अधिक, ४६,८०१ होत होती. म्हणजे त्यांचे उत्तर बरोबर आले तर होल्झॉअरचा पराभव ठरलेलाच होता. त्याला आशा होती ती त्या चुकण्याची. आणि त्या चुकल्या तर उरलेला धोका तिसऱ्या स्पर्धकाचा होता. तो दुप्पट होऊन २२,००० पर्यंत जाऊ शकला असता. २३,४०० मधून १,३९९ वजा केले की २२,००१ उरतात. एका डॉलरचा हा हिशेब उभय बाजूंनी अचूक होता. उत्तर नाटककार ख्रिस्तोफर मार्लो हे होते. दोघांनीही ते बरोबर दिले आणि बेचरबाई जिंकल्या.

भारतीय प्रेक्षकाला परिचित असलेला खेळ याच्या उलट घडणीचा आहे. सन १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या मूळ कार्यक्रमावरून ‘कौन बनेगा करोडपति’ हा हिंदी अवतार ३ जुलै २००० रोजी सुरू झाला, आणि मराठी कार्यक्रम हे त्याचेच भावंड. येथे प्रतिस्पर्धी कोणी नाही. पैजेची रक्कमही स्पर्धक ठरवीत नाही. ती शिडीच्या पायरीने ठरलेली असते. परंतु प्रश्न आणि त्याचे चारही पर्याय डोळ्यांसमोर आल्यानंतर खेळावयाचे की मिळालेली रक्कम घेऊन उठावयाचे, एवढे स्वातंत्र्य त्याला असते. म्हणून अमेरिकन खेळात ‘हा विषय मला येतो काय’ असा प्रश्न पडतो, तर येथे ‘हे उत्तर मला खरोखर येते काय’ असा.

हिंदी कार्यक्रमाची सन २०१९ मधील शिडी घेऊन हा हिशेब मांडता येईल. दहाव्या प्रश्नाला ३,२०,००० रुपयांचा पडाव होता. त्यापुढे कोठेही चुकले तरी ती रक्कम हातात राही. पुढील पायऱ्या ६,४०,०००, १२,५०,०००, २५ लाख, ५० लाख, एक कोटी आणि अखेर सात कोटी अशा होत्या. अकराव्या प्रश्नाला काहीच गमवावयाचे नसते. तेथे उत्तर मुळीच येत नसले तरी कोणताही एक पर्याय निवडणे हाच शहाणपणा. खरी पैज बाराव्या प्रश्नापासून लागते. ५० लाख हाती असताना एक कोटीच्या प्रश्नाला हात घालणारा मनुष्य ४६ लाख ८० हजार रुपये धोक्यात घालून आणखी ५० लाख मिळवू पाहतो. केवळ सरासरी नफ्याच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर बरोबर असण्याची शक्यता शेकडा ४८ हून थोडी अधिक असली म्हणजे खेळणे किफायतीचे ठरते. सात कोटींच्या प्रश्नाला हे प्रमाण फारच खाली येते. कारण तेथे धोका ९६ लाख ८० हजारांचा आणि वाढ सहा कोटींची. शेकडा १४ इतकी शक्यताही पुरे. आता चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तरी तो बरोबर असण्याची शक्यता शेकडा २५ असते. तेव्हा या गणिताने एक कोटी जिंकलेल्या प्रत्येकाने, उत्तर ठाऊक असो वा नसो, सात कोटींचा प्रश्न खेळलाच पाहिजे.

आणि तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे या एक कोटी रुपये जिंकल्यानंतर सात कोटींचा प्रश्न न खेळता उठल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजविणाऱ्या या बाईंना त्या कामाचे महिना १,५०० रुपये मिळत असत, हे त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाले होते. त्यांचे चुकले काय? डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने या प्रश्नाचे उत्तर सन १७३८ मध्येच देऊन ठेविले आहे. रुपयाचे मोल सर्वांना सारखे नसते. ज्याच्यापाशी जितके कमी, त्याला प्रत्येक अधिक रुपया तितका मोलाचा, आणि संपत्ती वाढत जाईल तसे हे मोल घटत जाते. बर्नुलीच्या या नियमाप्रमाणे, म्हणजे रकमेऐवजी तिचा लॉगरिथम धरून, हिशेब केला तर पदरी दुसरी पुंजी नसलेल्या माणसाला सात कोटींच्या प्रश्नासाठी शेकडा ६४ इतका भरवसा हवा. ज्याच्या घरी आधीच एक कोटीची मालमत्ता आहे त्याला शेकडा ३२ पुरेल. डोळे मिटून उत्तर देण्याइतकी ऐपत त्याचीही नाही. करकपात सर्व पायऱ्यांवर सारख्याच दराने धरली तर पुंजी नसलेल्या माणसाचा आकडा बदलतही नाही. बबिताबाईंनी लॉगरिथम मांडले नसतील. परंतु त्यांचा निर्णय बर्नुलीच्या बाजूचा होता, सरासरी नफ्याच्या बाजूचा नव्हता.

याच रीतीने त्याखालच्या पायऱ्यांसाठी लागणारा भरवसा काढला तर तो बाराव्या प्रश्नाला शेकडा ५१, तेराव्याला ६६, चौदाव्याला ७५ आणि एक कोटीच्या प्रश्नाला ८० असा चढत जातो. दोन चुकीचे पर्याय काढून टाकणाऱ्या सवलतीचा मोह या आकड्यांच्या प्रकाशात पाहण्यासारखा आहे. दोनच पर्याय उरले म्हणजे अंधारातील निवडही शेकडा ५० होते आणि सरासरी नफ्याचा ४८ चा उंबरठा ती ओलांडते. ८० चा उंबरठा मात्र ती ओलांडू शकत नाही. ‘आता दोनातच एक, खेळून टाकू’ या वाक्याने कितीएक संसारांचे पैसे परत गेले असावेत.

येथवर गणिताचे काम झाले. परंतु शेकडा ८० म्हणजे काय, हे खुर्चीवर बसलेल्या माणसाला कसे कळावे? आपल्या स्मरणाचे मोजमाप करण्याचे यंत्र कोणापाशीच नसते. मराठी भाषकापाशी मात्र एक कामचलाऊ मापक असते, आणि ते म्हणजे त्याच्याच तोंडचे क्रियापद. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ सन १९११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून क्रियापदाच्या ‘अर्थां’ची चर्चा मराठी वैयाकरणांना परिचित आहे. ‘उत्तर ब आहे’, ‘उत्तर ब असणार’, ‘उत्तर ब असले पाहिजे’, ‘उत्तर ब असावे’, ‘उत्तर ब असेल’, ‘उत्तर ब असू शकेल’ ही सहा वाक्ये एकाच आशयाची सहा निराळी वजने होत. त्यांतील ‘असले पाहिजे’ हे विशेष लक्षणीय आहे. वरवर पाहता त्यात सक्ती दिसते, म्हणून ते ‘आहे’हून अधिक निश्चयाचे वाटते, वस्तुतः ते अनुमानाचे रूप होय. समोर भिंत दिसत असताना ‘ही भिंत असली पाहिजे’ असे कोणी म्हणत नाही. ज्याला उत्तर आठवले आहे तो ‘आहे’ म्हणतो. ज्याने ते इतर गोष्टींवरून काढले आहे त्याच्या तोंडी ‘असले पाहिजे’ येते. याखेरीज ‘म्हणे’ हा छोटासा शब्द आहे. तो विधानाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकतो. ‘वाचल्यासारखे वाटते’ ही रचना तर स्मरण आणि भास यांच्या सीमेवरच उभी असते.

खेळाची गंमत, आणि क्रूरताही, अशी की उत्तर एकदा पक्के करावयास सांगितले, म्हणजे प्रचलित भाषेत ते ‘लॉक’ झाले, की ही सारी वजने नाहीशी होतात. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने ज्या उक्तींना कृतीचे स्थान दिले, त्यांतली ही अगदी निर्भेळ उक्ती होय. ती उच्चारताच एक व्यवहार घडून जातो. यंत्राला ‘असावे’ कळत नाही. त्याला अ, ब, क आणि ड एवढेच कळते. म्हणून वजनाचा हिशेब लॉक करण्याच्या अगोदरच झाला पाहिजे. परिचिताला दूरध्वनी करून विचारण्याची सवलत मूळ कार्यक्रमात होती, तिच्यात ३० सेकंदच मिळत. तेवढ्या वेळात स्पर्धकाने मित्राचे उत्तर ऐकण्यापेक्षा त्याचे क्रियापद ऐकणे अधिक उपयोगाचे. ‘बहुतेक ब असेल’ आणि ‘ब, नक्की’ यांतील अक्षर एकच, परंतु पहिल्यावर पन्नास लाख लावणे वेडेपणाचे आणि दुसऱ्यावर न लावणे भित्रेपणाचे होय.

इतिहासाच्या प्रश्नांत हा भेद विशेष जाचतो. गणितातील किंवा राज्यघटनेतील नियम एक तर येतो किंवा येत नाही. हर्षवर्धन नवाथे यांनी सन २००० मध्ये हिंदी कार्यक्रमातील पहिले एक कोटी जिंकले, तो शेवटचा प्रश्न संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कोणाला देते, असा होता. महान्यायवादी हे त्याचे उत्तर अनुच्छेद ८८ मध्ये लिहिलेलेच आहे. इतिहास असा एका अनुच्छेदात बसत नाही. त्याचे एकेक ज्ञान अनेक दुव्यांचे बनलेले असते, आणि स्पर्धकाला एक दुवा पक्का ठाऊक असला की त्याचा निश्चय उरलेल्या दुव्यांवरही सांडतो.

सोलापूरचेच उदाहरण घ्यावे. सोलापूरचा किल्ला निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात अनेक वर्षे भांडणाचा विषय होता, आणि अखेर एका विवाहात तो आंदण म्हणून दिला गेला. हा विवाह कोणाचा, असे विचारले तर इतिहासाची गोडी असलेला सोलापूरकर ‘चांदबीबीचा’ असे तात्काळ सांगेल, आणि त्याचे ‘आहे’ हे खरे ‘आहे’ असेल. आता तोच प्रश्न किंचित फिरवावा: या विवाहाने किल्ला कोणाकडे गेला? चांदबीबी म्हटले की सन १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध अहमदनगर लढविणारी वीरांगना डोळ्यांसमोर उभी राहते. त्या चित्राच्या जोरावर ‘अहमदनगरकडे’ हा पर्याय खुणावू लागतो. वास्तविक ती हुसेन निजामशहाची कन्या. सन १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वी ती अली आदिलशहाला दिली गेली, आणि किल्ला तिच्याबरोबर विजापूरकडे गेला. अहमदनगरचा वेढा ही त्यानंतर तीस वर्षांची, तिच्या वैधव्यातील गोष्ट. नाव ठाऊक, घटना ठाऊक, दिशा मात्र ठाऊक नाही. आणि नावाचे ‘आहे’ दिशेला उसने दिले जाते. मोठ्या रकमा बहुधा येथेच जातात.

सन १९३० च्या मार्शल लॉचा प्रश्न निराळ्या तऱ्हेचा आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा चौक रोज ओलांडणाऱ्या माणसाला ही नावे सुटी आठवत नाहीत. ती एक माळ म्हणून येतात, आणि पाचवे परके नाव त्या माळेत घुसवले तर ते कानालाच खटकते. हे ज्ञान पैज लावण्यास योग्य. परंतु सोलापूर किती दिवस स्वतंत्र होते, असे विचारले तर तोच मनुष्य संकटात सापडेल. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस शहरातून निघून गेले, १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, आणि मधल्या काळात काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था पाहिली. मधलेच दिवस मोजले तर तीन होतात. शेवटचा धरला तर चार. शहरात दोन्ही आकडे सांगितले जातात. तारखा जाणणाऱ्याला येथे खेळू नये असे वाटेल, आणि ज्याने बालपणापासून एकच आकडा ऐकला आहे तो धीटपणे पुढे जाईल.

तिसरी तऱ्हा संयुक्त प्रश्नाची. बबिता ताडे यांच्यापुढील सात कोटींचा प्रश्न असा होता: कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात तयार सापडणार नाही. झाकिर हुसेन हे बिहारचे राज्यपाल होते, ही एक गोष्ट. रामनाथ कोविंद हेही तेथूनच राष्ट्रपतिभवनात गेले, ही दुसरी. शंकर दयाळ शर्मा आंध्र प्रदेश, पंजाब आणि महाराष्ट्र या राज्यांत होते, प्रतिभा पाटील राजस्थानात. एवढे सुटे मणी हाती असले तर बिहार हे उत्तर ओवून काढता येते. तथापि त्याचे क्रियापद ‘असले पाहिजे’ हेच राहील. कारण एखादा मणी राहून तर गेला नाही ना, ही शंका शेवटपर्यंत फिटत नाही. अशा अनुमानाला शेकडा ६४ द्यावे की नाही, याचे उत्तर मणी किती मोजले यावर अवलंबून आहे. एकही मणी नसताना उठून जाणे सर्वथा योग्य.

प्रश्नाच्या भाषेवरून त्याचे काठिण्य आधीच ओळखता येईल काय, हाही विचार झालेला आहे. वर उल्लेखिलेल्या एमा बेचर यांनी आपल्या पदव्युत्तर अभ्यासात ‘जेपर्डी’च्या प्रश्नांचा मजकूर संगणकाकडून तपासून नेमके हेच पडताळले होते. मराठीत असा उद्योग करावयाचा तर ‘सर्वाधिक’, ‘सर्वप्रथम’, ‘यांपैकी कोण नाही’ या शब्दांपासून आरंभ करावा लागेल. पहिला मोजणी मागतो, दुसरा कालक्रम, तिसरा संपूर्ण यादी. आणि तिन्ही स्पर्धकाला ‘आहे’कडून ‘असावे’कडे ढकलतात.

शेवटी अशा एका प्रश्नाचा विचार केला पाहिजे की ज्याचे शास्त्रशुद्ध उत्तरच ‘असावे’ या रूपात देता येते. सोलापूर या नावाची व्युत्पत्ती सोळा गावांवरून सांगतात. सोळा खेडी एकत्र येऊन हे नगर झाले, अशी ही कथा. परंतु ‘सोळा’मध्ये ‘ळ’ आहे आणि ‘सोलापूर’मध्ये ‘ल’, आणि मराठी माणूस हे दोन वर्ण सहसा एकमेकांत मिसळत नाही. फारसी लिपीत ‘ळ’ला स्वतंत्र अक्षर नसल्याने दफ्तरांतून ‘ल’ रूढ झाला, असा बचाव करता येईल. त्याला बळ कितपत आहे हा वादाचा विषय. दुसऱ्या बाजूस बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या नगरीचे कन्नड नाव ‘सोन्नलिगे’ असे आढळते, आणि आजचे नाव त्याच्याशी निगडित असावे हे मत अधिक ग्राह्य दिसते. त्यातही मधल्या रूपांची साखळी जुळवून द्यावी लागतेच. हा प्रश्न चार पर्यायांसह पडद्यावर आला, तर भाषेचा अभ्यासक सोळा गावांच्या पर्यायापाशी थबकेल आणि बहुधा रक्कम घेऊन उठेल. आजीकडून ती कथा ऐकत वाढलेला स्पर्धक तो पर्याय निःशंकपणे लॉक करील, आणि प्रश्न काढणाऱ्यानेही तीच कथा ऐकलेली असली तर पुढच्या पायरीवर जाईल.